एल्कची सोडत आणि दीडशे डॉलरची वर्गणी

बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला वायोमिंगमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी अर्ज करायचा असेल, तर त्याची मुदत फेब्रुवारी उजाडता उजाडता संपते. ॲरिझोनाचीही साधारण तेव्हाच. त्यामुळे जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या कॉलराडोत शिकारी माणसांचे एकमेकांना फोन सुरू होतात. यंदा दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक मराठी मित्र, हंटर एज्युकेशनचा कोर्स नुकताच पुरा केलेला, अजून एकही हंगाम न पाहिलेला. दुसरा कामावरचा सहकारी, वीस वर्षं डोंगर तुडवलेला, पाच राज्यांत पॉइंट साठवून बसलेला. शिकारीच्या संशोधनाची जी वर्षाची वर्गणी असते, ती भरावी का, असं दोघं विचारत होते. मित्राला मी नको म्हणालो, सहकाऱ्याला भर म्हणालो. मित्राला ते पटलं नाही. "अरे, माहितीची गरज नवख्यालाच जास्त ना?" त्याचं म्हणणं रास्त होतं. फोनवर मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून मांडतो.

शिकारीला वर्गणी कसली, असं महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल. आपल्या मनात शिकार म्हणजे मचाण, हाकारे आणि संस्थानिकांचे जुने फोटो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो काळ संपला. पण त्याआधीही आपली जंगलं कुणालाही मोकळी नव्हती. वनखात्याने शूटिंग ब्लॉक आखलेले असत आणि ते परवान्यावर मिळत. विद्याचरण शुक्ल राजकारणात मोठे होण्याआधी त्यांनी नागपुरात ॲल्विन कूपर नावाची कंपनी काढली होती. परदेशी पाहुण्यांच्या शिकारीची सगळी व्यवस्था ही कंपनी करायची. अमेरिकेतून माणूस यायचा आणि कुठलं जंगल, कुठला पाणवठा, माग काढायला कोण, हे ठाऊक असलेल्या लोकांना पैसे मोजायचा. अमेरिकेत आज जी वर्गणी मागतात, तीही अशाच जाणकारीची किंमत आहे. फरक एवढाच की जाणकारी आता माणसाकडून नाही, आकड्यांच्या तक्त्यांतून येते.

तक्ते लागतात, कारण इथे परवाना नशिबाने मिळतो. अमेरिकेत रानटी जनावर जमीनमालकाचं नसतं. जनतेच्या वतीने ते राज्याच्या ताब्यात असतं. कळप किती, हिवाळ्यात किती मेले, किती काढले तर कळप टिकेल, याचा अंदाज घेऊन राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी युनिटवार, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागांनुसार, परवाने ठरवतं. त्यात नर की मादी, रायफल, धनुष्य की मुझलोडर, कुठल्या तारखा, हे सगळं वेगवेगळं. या परवान्याला इथे टॅग म्हणतात. शिकार झाली की तो जनावराला बांधावा लागतो, म्हणून ते नाव. चांगल्या युनिटचे टॅग थोडे आणि मागणारे फार, म्हणून सोडत निघते. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज भरलेल्या माणसाला ती तगमग वेगळी समजावून सांगायला नको.

म्हाडाच्या सोडतीत मात्र गेल्या वर्षी हरलात म्हणून यंदा पारडं जड होत नाही. इथे अनेक राज्यांत ते होतं, आणि गुंता तिथूनच सुरू होतो. प्रत्येक राज्याचा हिशेब निराळा आहे. कॉलराडोत प्रेफरन्स पॉइंट चालतात. हरलात की एक पॉइंट जमा होतो आणि बहुतेक टॅग ज्याचे पॉइंट जास्त त्याला जातात. ही सरळ ज्येष्ठता यादीच झाली. वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांच्या वाट्याचे एल्कचे 75 टक्के टॅग ज्येष्ठतेने जातात आणि 25 टक्के निव्वळ नशिबावर सोडलेले असतात. नेवाडात बोनस पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. नऊ पॉइंट असतील तर टोपलीत तुमच्या नावाच्या 82 चिठ्ठ्या पडतात, तरी नवख्याची एक चिठ्ठीही त्याच टोपलीत असते. युटामध्ये मर्यादित टॅगांपैकी निम्मे वरच्या पॉइंटवाल्यांना आणि निम्मे सोडतीने. ॲरिझोना 20 टक्के टॅग सर्वांत जास्त पॉइंट असलेल्यांसाठी बाजूला काढतं. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत. तिथे 84 टक्के टॅग राज्यातल्या लोकांना, 10 टक्के आउटफिटरबरोबर, म्हणजे शिकारीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकाबरोबर, जाणाऱ्यांना आणि उरलेले सहा टक्के परराज्यातून आपल्या आपण येणाऱ्यांना. आयडाहोतही पॉइंट नाहीत. तिथे परराज्यातल्यांना साधे टॅग आजवर "जो आधी येईल त्याला" मिळायचे, 2026पासून त्यांचीही सोडत सुरू झाली आहे.

परराज्यातला हा शब्द या सगळ्यात सर्वांत महाग पडतो. मोंटानात राज्याबाहेरच्यांकडून कितीतरी पट जास्त पैसे घेतात, म्हणून काही शिकारी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. राज्यातल्या माणसाला एल्कचा परवाना 9 डॉलरला मिळायचा आणि बाहेरच्याला 225 डॉलरचा एकत्र परवानाच घ्यावा लागायचा. 1978 साली न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. शिकार ही करमणूक आहे, तो नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, असं त्या निकालाचं सार. 2005मध्ये संसदेनेही राज्यांचा हा अधिकार कायद्याने पक्का केला. मी कॉलराडोत राहतो म्हणून इथला एल्कचा परवाना मला सत्तरएक डॉलरला पडतो. टेक्सासहून येणाऱ्याला त्याच डोंगरातल्या त्याच एल्कसाठी सुमारे 800 मोजावे लागतात.

एवढा गुंता असेल तिथे तो सोडवून देणारा कुणीतरी उभा राहणारच. युटामधल्या सीडर सिटीचं 'हंटिन फूल' हे मासिक बरंच जुनं. राज्यवार सल्ला आणि सभासदाला फोनवर मार्गदर्शन ही त्याची ओळख. वायोमिंगमधल्या पॉवेलच्या ईस्टमन कुटुंबाच्या मासिकात युनिटांचे आकडे आणि शिफारशींचा वेगळा विभाग असायचा, आता त्याचीही ऑनलाइन सेवा आहे. लास व्हेगासची 'गो-हंट' या पिढीतली. तिची 'इन्सायडर' वर्गणी बरीच वर्षं वर्षाला 149 डॉलर राहिली आहे आणि माझे ओळखीचे लोक "दीडशेची वर्गणी" म्हणतात ती बहुधा हीच. मोंटानातल्या मिझूलाची 'ऑन-एक्स' 2009 साली निघाली, पण ती मुळात नकाशांची. तिच्याकडे मी पुढे स्वतंत्र वळतो, कारण लोक या दोन गोष्टी एकाच पिशवीत टाकतात आणि तिथेच त्यांचा हिशेब चुकतो.

संशोधनाच्या वर्गणीत मिळतं काय? राज्य, जनावर, हत्यार आणि तुमचे पॉइंट भरले की कुठल्या युनिटमध्ये टॅग मिळण्याची शक्यता किती टक्के, ते समोर येतं. तिथे सरकारी जमीन किती, आदल्या वर्षांत किती जणांना जनावर मिळालं, शिंगं साधारण केवढी, डोंगराची चढण कशी, रस्ते कुठवर जातात, हे वाचायला मिळतं. मुदतीच्या आठवणी येतात. राज्याने नियम बदलला तर तो सोप्या भाषेत समजावलेला असतो. हे शेवटचं काम मला मनापासून मोलाचं वाटतं. कॉलराडोने 2025पासून परराज्यातल्यांना धनुष्याचे एल्क टॅग दुकानात सरसकट देणं बंद केलं. वर्षानुवर्षं सप्टेंबरमध्ये गाडी काढून निघणाऱ्या किती तरी लोकांना ते वेळेवर कळलं, याचं श्रेय बऱ्याच अंशी या सेवांनी केलेल्या बोभाट्याला आहे.

पण यातला एकही मूळ आकडा त्यांचा नाही, ही गोष्ट वर्गणी भरण्याआधी डोक्यात पक्की बसायला हवी. सोडतीचे निकाल राज्यं स्वतः प्रसिद्ध करतात आणि तेही फुकट. वायोमिंगच्या याद्या युनिट आणि पॉइंटवार असतात. कॉलराडोचे सोडतीचे अहवाल जाडजूड आणि रूक्ष आहेत, पण पहिल्या पसंतीला किती पॉइंट लागले ते त्यात स्पष्ट दिसतं. आयडाहोचं हंट प्लॅनर तर नकाशा, तारखा आणि आकडे एकत्र दाखवतं, आणि कुठल्याही विकतच्या साधनाच्या शेजारी ते ठेवायला लाज वाटू नये. मी पहिल्या वर्षी वायोमिंगच्या याद्या छापून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी लावून, पेन्सिलीने खुणा करत बसलो. तीन रविवार गेले. विकतच्या सेवेत तेच काम अर्ध्या तासाचं. वर्गणी मुख्यतः हे तीन रविवार विकते. त्यांची किंमत दीडशे डॉलर की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला मात्र त्या तीन रविवारांनी जे शिकवलं, ते अर्ध्या तासात हाती लागलं नसतं. एका युनिटला टॅग 40 आणि शेजारच्याला 400 का, हा प्रश्न याद्या वाचता वाचताच पडला आणि त्याचं उत्तर शोधताना मला तिथला भूगोल कळला.

उत्तर शोधलं ते फोन करून. राज्याच्या खात्यात प्रत्येक भागासाठी जीवशास्त्रज्ञ नेमलेला असतो आणि तो फोन उचलतो. न उचलला तर उलट करतो. मी विचारलेल्या युनिटमध्ये यशाचं प्रमाण फार चांगलं दिसत होतं. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले की पहिल्या दिवशी गोळ्यांचे आवाज झाले की तिथले एल्क खासगी रँचमध्ये उतरतात आणि यशाचा मोठा वाटा त्या रँचवर पैसे भरून शिकार करणाऱ्यांचा असतो. तुम्ही सरकारी जमिनीवर पायी फिरणार असाल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही. दहा मिनिटांचं ते बोलणं. कुठल्याही वर्गणीत मला ते मिळालं नव्हतं.

यशाच्या प्रमाणाचं एवढ्यावर भागत नाही. कॉलराडोत दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास एल्क आहेत, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तरी इथे एल्कच्या मागे जाणाऱ्या दर पाच जणांत साधारण एकाला तो मिळतो. हा सगळ्या राज्याचा आकडा म्हणून भरवशाचा आहे. पण एखाद्या युनिटमध्ये पाचच टॅग असतील आणि चौघांनी शिकार साधली, तर पडद्यावर 80 टक्के उमटतात. पुढच्या वर्षी दोघांना मिळालं की 40. डोंगर तोच, कळप तोच, फक्त पाच माणसं वेगळी. काही राज्यांत अहवाल देणं सक्तीचं आहे, काही ठिकाणी निवडक लोकांना विचारून अंदाज बांधतात. शिवाय कुठे नर आणि मादी एकत्र मोजलेले असतात, कुठे वेगळे. विकतच्या तक्त्यात हे सगळे फरक एकाच रंगाच्या पट्टीत बसवलेले असतात. पट्टी देखणी असल्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो. मला यातलं हेच सर्वांत धोक्याचं वाटतं.

आकडा मागच्या वर्षाचा असतो, ही दुसरी अडचण. बहुतेक वेळा त्याने बिघडत नाही. पण 2022-23चा हिवाळा ज्यांनी पाहिला, ते हे विसरणार नाहीत. पश्चिम वायोमिंग आणि वायव्य कॉलराडोत बर्फ इतका साचला आणि इतका टिकला की जनावरांना खालचं गवत उकरता येईना. वायोमिंग रेंजच्या कळपातल्या ज्या म्यूल डिअर माद्यांच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ पट्टे बांधले होते, त्यांतल्या सुमारे 70 टक्के मेल्या. पट्टे बांधलेल्या पाडसांपैकी एकही वाचलं नाही. प्रॉन्गहॉर्नच्या कळपांवर त्यातच न्यूमोनियाची साथ आली. रस्त्याच्या कडेला, कुंपणांना लागून जनावरं पडलेली होती. मार्च-एप्रिलमध्ये लोक अर्ज भरत होते तेव्हा तक्त्यांत मात्र 2022चा भरलेला हंगाम दिसत होता. खात्यांनी टॅग निर्दयपणे कापले, आणि ते योग्यच होतं. चांगल्या सेवांनी त्याबद्दल वेळीच लेख लिहिले, हेही मी नोंदवतो. पण शोधाची चाळणी लावून यादी काढणारा माणूस लेख वाचतोच असं नाही. तो टक्के बघतो. माझ्या ओळखीच्या एकाने अकरा वर्षांचे पॉइंट त्या हंगामात एका मोडलेल्या कळपावर खर्च केले. सात दिवसांत त्याला मोजून नऊ हरणं दिसली, आणि त्याने बंदूक उचलली नाही. पॉइंट शून्यावर आले.

तिसरी गोष्ट हळूहळू कुरतडणारी. शिकारी तिला पॉइंट क्रीप म्हणतात. समजा एका युनिटमध्ये परराज्यातल्यांना दरवर्षी दहा टॅग मिळतात आणि सर्वांत वरच्या पायरीवर तीनशे जण उभे आहेत. एकही माणूस नव्याने आला नाही, तरी ही पायरी रिकामी व्हायला तीस वर्षं लागतील. आज पहिला पॉइंट घेणारा तरुण त्यांच्या मागे आहे आणि तो कधीही पुढे जाणार नाही. कॉलराडोतली 2, 10 आणि 201 ही वायव्येकडची एल्कची युनिटं अशीच झाली आहेत. तिथे वीसहून कितीतरी जास्त पॉइंट लागतात. क्रीपला धोरणंही कारण असतात. 2018 साली कॉलराडोने परवान्याची सगळी रक्कम अर्जाबरोबरच भरण्याची अट काढली आणि मूस, बिगहॉर्न मेंढा, डोंगरी बकरी यांच्यासाठीच्या अर्जांचा महापूर आला.

या महापुरात वर्गणीच्या सेवांचा हात किती? मोजता येणार नाही, पण नाही असं मी म्हणणार नाही. पूर्वी परराज्यात अर्ज करायला चिकाटी लागायची. सहा राज्यांची सहा नियमपुस्तकं मागवा, वाचा, चेक पाठवा. आता ओहायोतल्या माणसाला एका संध्याकाळी सहाही राज्यं दिसतात. त्याचा हक्क आहे, मला त्याचा राग नाही. पण "दोन पॉइंटांत मिळणारं, कुणाच्या लक्षात न आलेलं युनिट" असं ज्याचं वर्णन हजारो वर्गणीदारांनी एकाच महिन्यात वाचलं, ते पुढच्या वर्षी दोन पॉइंटांत मिळत नाही. मी धरून ठेवलेलं एक युनिट असंच चार वर्षांत दोनावरून पाचावर गेलं. ही माहिती वाचणाऱ्यांमुळेच बदलते. नदीच्या पाण्याची पातळी कितीही जणांनी वाचली तरी तीच राहते. सोडतीचे आकडे तसे नाहीत.

नकाशांबद्दल बोलतो, कारण तिथे माझं मत पूर्ण वेगळं आहे. पश्चिमेत सरकारी आणि खासगी जमिनी एकमेकींत घुसलेल्या आहेत. रेल्वे बांधणाऱ्या कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात एक चौकोन सोडून एक अशा जमिनी दिल्या गेल्या. त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जायचं तर फक्त कोपरा कोपऱ्याला टेकतो. 2021मध्ये मिझुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी एल्क माउंटनवर असा कोपरा शिडी लावून ओलांडला. खासगी जमिनीला त्यांचा पायही लागला नव्हता. फौजदारी खटल्यातून ते सुटले, पण रँचच्या मालकीची कंपनी आयर्न बार होल्डिंग्जने लाखो डॉलरच्या नुकसानीचा दावा लावला. नकाशाच्या ॲपवरची एक खूणही त्या वादात ओढली गेली. मार्च 2025मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. तो निकाल वायोमिंग, कॉलराडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमाला लागू आहे. मोंटाना नि आयडाहो दुसऱ्या न्यायालयाच्या कक्षेत येतात. कोपऱ्यांमुळे अडकून पडलेली सार्वजनिक जमीन 83 लाख एकर असल्याचं ऑन-एक्सनेच मोजून दाखवलं होतं. अशा मुलखात फोनवर हद्दीची रेघ दिसत असणं ही चैन नाही. एका राज्याच्या नकाशाचे पस्तीसएक डॉलर मी दरवर्षी बिनतक्रार भरतो. नवखा असो वा जुना, ज्याला पायी फिरायचं आहे त्याने आधी हे पैसे बाजूला काढावेत.

माझ्या सहकाऱ्याला मी "भर" का म्हणालो, ते आता सांगतो. तो पाच राज्यांत अर्ज करतो. ॲरिझोनात अर्ज करायलाच परराज्यातल्याला 160 डॉलरचा परवाना घ्यावा लागतो, वर दर जनावरामागे 15 डॉलर. नेवाडात परवाना 155चा. वायोमिंगचा एल्कचा नुसता पॉइंट 52चा. या तीन नोंदींतच 380 डॉलर गेले, आणि यात एक पाऊलही डोंगरावर पडलेलं नाही. हा खर्च दरवर्षीचा आहे, तो वीस वर्षं चालू आहे, आणि त्यातलं कुठलं राज्य सोडून द्यावं हे ठरवायला त्याला कधी फुरसत झालेली नाही. एक टक्का शक्यता असलेल्या सोडतीत माणूस सलग तीस वर्षं अर्ज करत राहिला, तर कधीतरी एकदा टॅग मिळण्याची शक्यता 26 टक्के असते. दहा टक्क्यांच्या सोडतीत दहाच वर्षांत ती 65 टक्के होते. हे गणित समोर ठेवून, पाचही राज्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून एक वर्ष नीट विचार केला, तर तो बहुधा एक-दोन राज्यं सोडेल. सोडलेल्या पहिल्याच राज्यात वर्गणीचे पैसे निघतात. म्हणून त्याला मी म्हणालो, यंदा भर, जानेवारी ते जून बसून आराखडा कर आणि मग दोन-तीन वर्षं भरू नकोस. नेवाडाची मुदत मेमध्ये आणि आयडाहोची जूनच्या सुरुवातीला उलटली की पुढचे महिने वर्गणीचा तसा उपयोग नाही.

आपोआप नूतनीकरणाची खूण मात्र त्याच दिवशी काढायची. मी एकदा ती काढायला विसरलो आणि जी सेवा मी सबंध वर्ष उघडूनही पाहिली नव्हती, तिचे पैसे कार्डावरून गेले. दोष माझाच होता, पण तेव्हापासून वर्गणी भरताक्षणी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो. वर्गणीबरोबर दुकानात वापरायचे क्रेडिट देतात, बूट नि दुर्बिणींच्या सोडती काढतात. त्या वस्तू वाईट नसतात. पण दुर्बीण मिळेल म्हणून वर्गणी भरणाऱ्याने तो खर्च दुर्बिणीच्या खात्यावर लिहावा, माहितीच्या नव्हे.

नवख्या मित्राला मी नको म्हणालो, त्यामागे पैशांची काटकसर नव्हती. त्या पडद्यावर शिंगांच्या मापाची चाळणी असते. एल्कची शिंगं इंचांत मोजतात. ती मोजण्याची प्रसिद्ध पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची, आणि हा क्लब थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 साली स्थापला. ज्याने एल्कची शीळ एकदाही ऐकलेली नाही, सप्टेंबरच्या पहाटे अंगावर काटा आणणारा तो आवाज कुठल्या दिशेने येतो हे ज्याला अजून ओळखता येत नाही, तो पहिल्याच संध्याकाळी 350 इंचांची चाळणी लावतो. यादीत येतात ती वीस वर्षांनी मिळणारी युनिटं. मग तो पॉइंट साठवू लागतो आणि डोंगरावर जायचं पुढे ढकलतो. मी अशी माणसं पाहिली आहेत. त्यांच्याकडे सगळ्या राज्यांचे पॉइंट आहेत आणि पायांत एकाही डोंगराची ओळख नाही. शेवटी टॅग मिळतो तेव्हा वय पन्नाशीपुढे गेलेलं असतं आणि दहा हजार फुटांवर श्वास पुरत नाही.

माझा मित्र कॉलराडोतच राहतो. त्याला मादी एल्कचा टॅग इथल्या कितीतरी युनिटांत शून्य पॉइंटवर मिळू शकतो. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मुदत आहे. मी त्याला खात्याचा मोफत अहवाल काढून दिला, त्याच्या घरापासून दोन तासांच्या आत येणाऱ्या चार युनिटांवर खूण केली आणि तिथल्या जीवशास्त्रज्ञाला त्यानेच फोन करावा असं सुचवलं. त्याने केला. कुठला रस्ता जूनपर्यंत बंद असतो, जळलेल्या जंगलात पहिलं गवत कुठे येतं, ऑक्टोबरात एल्क कुठल्या खोऱ्यात उतरतात, हे त्याने वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी मला वाचून दाखवलं. त्यातल्या दोन गोष्टी मलाही नव्या होत्या.

हंगाम संपला की खात्याकडून विचारणा येईल : किती दिवस फिरलात, काय दिसलं, जनावर मिळालं की नाही. अनेक जण ती तशीच सोडून देतात, विशेषतः हात हलवत परतलेले. युनिटच्या यशाचा जो टक्का पुढे विकत मिळतो, तो याच उत्तरांतून बनतो. मित्राला मी सांगून ठेवलंय की काहीच मिळालं नाही तरी ते भर, आणि दिवस मोजून लिही.